एका पेशीत अनेक केंद्रकं असतील, तर जनुकांच्या नॉइजचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जनुकांच्या अभिव्यक्तीतला नॉइज शिकवताना बहुतेक उदाहरणं जिवाणूंची किंवा यीस्टची असतात. एक पेशी, तिच्यात एक जनुकसंच, आणि हिशेब सरळ. समोर स्नायूतंतू आला, बुरशीचा धागा आला किंवा माशीचा कोवळा भ्रूण आला की त्याच व्याख्या अडखळायला लागतात. खालचे प्रश्न त्याबद्दलचे आहेत. गणित वर्गमूळापलीकडे जात नाही.

नॉइज म्हणजे इथे नेमकं काय?

जनुकसंच तोच, पोषण तेच, तापमान तेच, तरीही दोन पेशींमध्ये एकाच प्रथिनाचे रेणू वेगवेगळ्या संख्येने सापडतात. एकाच पेशीवर नजर ठेवली तरी ही संख्या सतत खालीवर होत राहते. हा चढउतार म्हणजे नॉइज. उपकरणाची किंवा मोजणीची चूक ही वेगळी गोष्ट, ती आधी वजा करावी लागते. आकड्यात सांगायचं तर प्रमाण विचलनाला (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याच्या मापाला) सरासरीने भागायचं: सरासरी १०० रेणू आणि प्रमाण विचलन ३० असेल, तर नॉइज ३० टक्के.

तो येतो कुठून?

मुळात संख्या लहान असल्यामुळे. एका केंद्रकात एखाद्या जनुकाच्या प्रती दोन, कधी एकच. तिथे आरएनए पॉलिमरेज (जनुकावरून आरएनए बनवणारं प्रथिन) केव्हा येऊन बसेल, हे रेणूंच्या धडकाधडकीवर ठरतं. एमआरएनए (जनुकातला प्रथिन बनवण्याचा संदेश नेणारे रेणू) एकेक करून, एकमेकांशी संबंध न ठेवता तयार झाले असते, तरी सरासरी २५ रेणूंमागे ५ इकडेतिकडे झालेच असते. प्रत्यक्षात फरक याहून मोठा असतो, कारण जनुक बराच वेळ गप्प राहतं आणि मग अचानक एमआरएनएचा झोत सोडतं. जिवाणूंमध्ये २००५ साली आणि सस्तन प्राण्यांच्या पेशींमध्ये २००६ साली एकेक एमआरएनए रेणू मोजून हे झोत स्पष्ट दाखवले गेले.

बहुकेंद्रकी पेशी हा अपवादच नाही का?

वाटतो तितका नाही. तुमचे सगळे कंकाल स्नायू अशाच पेशींचे बनलेले आहेत. एका तंतूत शेकडो केंद्रकं असतात, लांब तंतूत त्याहून जास्त. हाडं झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी, गर्भाच्या वारेचा बाहेरचा थर, यकृतातल्या कितीतरी दोन केंद्रकांच्या पेशी हे आपल्याच शरीरातले नमुने. बाहेर पाहिलं तर धाग्यासारख्या बुरशा, फायसारमसारखे श्लेष्मकवक, कॉलर्पासारखी एकाच पेशीची पण हाताएवढी किंवा त्याहून लांब वाढणारी शैवालं. हिवतापाचा परजीवीसुद्धा रक्तपेशीत वाढताना आधी केंद्रकं वाढवतो आणि पेशींची वाटणी शेवटी करतो. पेशी एकमेकींत मिसळून, किंवा केंद्रक विभागूनही पेशी न विभागल्यामुळे, अशी अवस्था तयार होते. तिला सिन्सिशियम म्हणतात. (काटेकोर बोलणारे मिसळून झालेल्यालाच सिन्सिशियम म्हणतात. इथे दोन्हींना हाच शब्द वापरला आहे.)

केंद्रकं जास्त तर नॉइज कमी, इतकं सोपं आहे का?

अर्धं खरं आहे, आणि नेमकं याच अर्ध्यावर बहुतेक जण थांबतात.

समजा एका केंद्रकाच्या उत्पादनात ५० टक्के नॉइज आहे. एका पेशीत अशी १०० केंद्रकं आहेत, प्रत्येक आपापल्या लहरीने चालतं आणि सगळ्यांचा माल एकाच पेशीद्रवात जमा होतो. मग एकूण नॉइज १०० च्या वर्गमूळाने, म्हणजे दहापटीने घटून ५ टक्के होईल. एकाचा झोत आणि दुसऱ्याचा गप्पपणा एकमेकांना भरून काढतात.

पण 'आपापल्या लहरीने' ही अट क्वचितच पूर्ण होते. ही केंद्रकं एकाच पेशीद्रवात बसलेली असतात. पॉलिमरेज, रायबोसोम, ऊर्जा, नियंत्रक प्रथिनं यांचा साठा सामाईक असतो. तो घटला की सगळ्यांचं उत्पादन एकदम घटतं. कोणत्याही दोन केंद्रकांमध्ये अगदी थोडा, म्हणजे ०.१ इतकाच सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे अगदी एकसाथ) धरा. आता १० केंद्रकांना नॉइज साधारण २२ टक्के येतो, १०० केंद्रकांना साडेसोळा, आणि केंद्रकं कितीही वाढवली तरी १५.८ टक्क्यांच्या खाली जात नाही. पूर्ण स्वतंत्र अशी फक्त १० केंद्रकं असती, तर हाच आकडा आला असता. म्हणजे सहसंबंध ०.१ असेल, तर हजार केंद्रकांची पेशी नॉइजच्या हिशेबात दहा स्वतंत्र केंद्रकांइतकीच ठरते.

उलटही होऊ शकतं. साठा अपुरा असेल आणि केंद्रकांमध्ये त्यासाठी ओढाताण असेल, तर एकाने जास्त घेतलं की दुसऱ्याला कमी पडतं. सहसंबंध ऋण होतो आणि बेरीज अपेक्षेपेक्षाही स्थिर राहते. त्यामुळे माझ्या मते 'केंद्रकं किती' यापेक्षा 'केंद्रकं एकमेकांशी किती बांधलेली' हा प्रश्न आधी विचारायला हवा.

पेशीद्रव एकच आहे ना? मग सगळं आपोआप मिसळत नाही?

मिसळतं, पण किती अंतरापर्यंत? रेणू जगतो किती वेळ आणि सरकतो किती वेगाने, यावर ते ठरतं. अंदाजासाठी विसरण-गुणांकाला (रेणू आपोआप किती झपाट्याने पसरतो याच्या आकड्याला) आयुष्याने गुणून वर्गमूळ काढायचं. एखाद्या एमआरएनएचा विसरण-गुणांक सेकंदाला ०.१ चौरस मायक्रोमीटर आणि आयुष्य एक तास धरलं, तर उत्तर सुमारे १९ मायक्रोमीटर येतं. म्हणजे तो फार तर शेजारच्या केंद्रकांपर्यंत पोचतो. मोकळं फिरणारं, दहा तास टिकणारं प्रथिन घ्या, विसरण-गुणांक ५ धरा, आणि अंतर ४०० मायक्रोमीटरच्या पुढे जातं. आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, पण दोन उत्तरांमधली तफावत खरी आहे. एकाच पेशीत एमआरएनएचा नॉइज स्थानिक आणि प्रथिनाचा नॉइज जवळपास पुसलेला, असं चित्र सहज दिसू शकतं.

त्यात स्नायूतंतू काही सेंटिमीटर लांब असतो. एका टोकाच्या केंद्रकाची चूक दुसऱ्या टोकाचं केंद्रक भरून काढेल, ही अपेक्षा विसरणाकडून करता येत नाही. शिवाय कितीतरी प्रथिनं तयार होताच जवळच्या सांगाड्याला किंवा पटलाला चिकटतात आणि तिथेच राहतात.

फायसारममध्ये गोष्ट वेगळी आहे. तिथे पेशीद्रव नुसता पसरत नाही, नळ्यांमधून पुढे-मागे वाहतो, आणि वेग सेकंदाला मिलिमीटरच्या घरात जातो. त्यातली लाखो केंद्रकं साधारण ८ ते १२ तासांनी एकाच वेळी विभागतात. वेगवेगळ्या टप्प्यांवर असलेले दोन प्लाझ्मोडियम (फायसारमच्या अशा बहुकेंद्रकी पेशी) एकत्र मिसळले, तर केंद्रकं मधल्याच एका वेळी मिळून विभागतात, हे १९६० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं होतं. मिसळण जोरात असेल तर केंद्रकांचं वेगळेपण उरत नाही, याचं इतकं ठळक उदाहरण दुसरं नाही.

आंतरिक आणि बाह्य नॉइज ही विभागणी इथे चालते का?

चालते, पण एक पायरी वाढवावी लागते.

मूळ कल्पना २००२ सालची. एलोविट्झ आणि सहकाऱ्यांनी ई. कोलाय जिवाणूत एकाच प्रमोटरच्या (जनुक कधी चालेल हे ठरवणाऱ्या डीएनए तुकड्याच्या) दोन प्रती बसवल्या, एकीपुढे एका रंगाचं चमकणारं प्रथिन, दुसरीपुढे दुसऱ्या रंगाचं. पेशीची एकूण तब्येत बदलली तर दोन्ही रंग एकत्र वाढतात किंवा घटतात. हा बाह्य नॉइज. एकाच पेशीत दोन रंगांचं प्रमाण बिघडलं, तर तो त्या-त्या प्रतीचा स्वतःचा चढउतार, म्हणजे आंतरिक नॉइज.

सिन्सिशियममध्ये 'पेशीची तब्येत' आणि 'केंद्रकाची तब्येत' या दोन निराळ्या गोष्टी होतात. एखादं केंद्रक डीएनएची प्रत काढून बसलेलं असेल, शेजारचं नसेल. एकाचं आकारमान मोठं, दुसऱ्याचं लहान. एक चेतातंतूच्या सांध्याखाली, दुसरं दूर. म्हणून फरक तीन जागी मोजावा लागतो. एकाच केंद्रकातल्या दोन प्रतींमधला फरक, एकाच पेशीतल्या दोन केंद्रकांमधला फरक, आणि दोन पेशींमधला फरक. प्रमाण विचलनांचे वर्ग घेतले की या तिघांची बेरीज करता येते.

यातला मधला भाग फसवा आहे. पेशीकडून पाहिलं तर तो आतला, म्हणून आंतरिक वाटतो. जनुकाकडून पाहिलं तर तो बाहेरून आलेला, म्हणून बाह्य. दोन शोधनिबंध एकमेकांविरुद्ध निष्कर्ष काढताना दिसले, तर आधी ते हा भाग कोणत्या खात्यात टाकतात ते पाहा. बरीच भांडणं तिथेच मिटतात.

दोन रंगांची प्रथिनं घालून थेट मोजता येणार नाही का?

एककेंद्रकी पेशीत येतं. इथे प्रथिनं पेशीद्रवात तयार होतात आणि मिसळून जातात, त्यामुळे कोणता रेणू कोणत्या केंद्रकाच्या आदेशाने बनला हे कळत नाही. त्यावर 'प्रथिनाला केंद्रकात जाण्याची खूण लावू' असा उपाय हमखास सुचवला जातो. तो पुरत नाही. खूण लावलेलं प्रथिनही आधी पेशीद्रवातच बनतं आणि नंतर वाटेत भेटेल त्या केंद्रकात शिरतं. चमकणारं केंद्रक म्हणजे ते जनुक चालवणारं केंद्रक, असं गृहीत धरता येत नाही.

म्हणून एमआरएनएच्या जन्मस्थळी जावं लागतं. एक मार्ग एकल-रेणू फिशचा: एकाच एमआरएनएला डझनावारी लहान चमकते तुकडे चिकटवतात, म्हणजे प्रत्येक रेणू सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्यासारखा दिसतो. जनुकावर एकाच वेळी अनेक एमआरएनए तयार होत असतील, तर केंद्रकात जास्त तेजस्वी ठिपका दिसतो. तुकडे इंट्रॉनवर (कच्च्या एमआरएनएमधल्या, नंतर गाळल्या जाणाऱ्या भागावर) बेतले तर आणखी चांगलं, कारण इंट्रॉन सहसा केंद्रकातच कापून टाकला जातो आणि शेजाऱ्याचा एमआरएनए मोजणीत घुसत नाही.

दुसरा मार्ग जिवंत पेशीतला. जनुकात एमएस२ विषाणूच्या आरएनएमधली वळणं बसवतात आणि त्यांना चिकटणारं चमकतं प्रथिन पेशीत सोडतात. मग केंद्रकागणिक झोत चालू-बंद होताना दिसतात. पहिल्या पद्धतीत एका क्षणाचं चित्र मिळतं, दुसरीत काळाचा ओघ, पण जनुकात बदल करावा लागतो. दोन्ही करता आल्या तर दोन्ही कराव्यात.

एकल-केंद्रक आरएनए सिक्वेन्सिंगने काम भागेल?

या पद्धतीत एकेका सुट्या केंद्रकातले आरएनए वाचतात. वेगवेगळ्या प्रकारची केंद्रकं ओळखायला उत्तम. नॉइज मोजायला अपुरं. ऊतक फोडून केंद्रकं सुटी केली की कोणतं केंद्रक कोणत्या पेशीतलं हा दुवाच तुटतो, आणि वरची तीन भागांची विभागणी करता येत नाही. त्याशिवाय एका केंद्रकातून पकडले जाणारे रेणू इतके थोडे असतात की पकडण्यातला योगायोग हाच मोठा चढउतार होऊन बसतो.

माशीचा भ्रूण इतका नॉइज असूनही अचूक कसा?

ड्रोसोफिलाच्या (फळमाशीच्या) भ्रूणात पहिली १३ केंद्रकविभाजनं पेशीपटलाशिवाय होतात, सुरुवातीची तर दर आठ-दहा मिनिटांनी. चौदाव्या चक्रापर्यंत सुमारे ६,००० केंद्रकं पृष्ठभागाजवळ एका थरात येऊन बसतात, आणि मग त्यांच्यामध्ये पटलं उतरतात. तोवर डोकं कुठे आणि शेपूट कुठे याचा आराखडा ठरलेला असतो.

आराखड्याचा एक मोठा आधार बायकॉइड हे प्रथिन. डोक्याच्या टोकाला जास्त, मागे जाता जाता कमी. न्यूसलाइन-फोलहार्ड आणि ड्रीव्हर यांनी १९८८ साली हा उतार दाखवला. शेजारशेजारच्या दोन केंद्रकांना मिळणाऱ्या बायकॉइडमध्ये जेमतेम १० टक्क्यांचा फरक असतो, आणि तरी बायकॉइडने चालू होणाऱ्या हंचबॅक जनुकाची सीमा जवळपास तितक्याच बारकाईने पडते, असं २००७ मध्ये ग्रेगर आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं. अडचण अशी की इतक्या कमी रेणूंमधून, इतक्या थोड्या मिनिटांत, एकट्या केंद्रकाला ही अचूकता गाठता येऊ नये.

पुढे २०१३ मध्ये एमआरएनएचे रेणू मोजले तेव्हा गंमत कळली. जनुकाच्या पातळीवर नॉइज भरपूर असतो, शेजारची दोन केंद्रकं एकाच क्षणी अगदी वेगळी वागतात. तो उगमाशी दाबलाच जात नाही. एमआरएनए काही काळ साठत राहतात, म्हणजे काळाची सरासरी पडते, आणि मधे पटल नसल्यामुळे ते आणि त्यांची प्रथिनं शेजाऱ्यांमध्ये थोडी पसरतात, म्हणजे जागेचीही सरासरी पडते. या दोन सरासऱ्या बऱ्याच अंशी पुरतात.

'थोडी' हा शब्द इथे महत्त्वाचा. पसरण जास्त झाली असती, तर नॉइजबरोबर सीमासुद्धा पुसट झाली असती.

मग नॉइज टिकवून ठेवण्यात कधी फायदा असतो का?

ॲशब्या गॉसिपी या बुरशीकडे पाहा. ब २ जीवनसत्त्वाच्या उत्पादनासाठी ती उद्योगात वापरली जाते, आणि जनुकसंचाने ती यीस्टच्या जवळची. तिच्या धाग्यात केंद्रकं जवळजवळ बसलेली असतात, पेशीद्रव एकच, तरी प्रत्येक केंद्रक आपल्या वेगळ्या वेळेला विभागतं. फायसारमच्या अगदी उलट.

एमी ग्लॅडफेल्टर यांच्या गटाने यामागची एक यंत्रणा उलगडली. पेशीचक्र पुढे ढकलणाऱ्या सायक्लिनचा एमआरएनए, सीएलएन३, विखरून पडत नाही. व्हाय३ नावाचं प्रथिन त्याला धरून थेंबांसारखे पुंजके करतं, आणि ते केंद्रकांच्या आसपास राहतात. त्यामुळे प्रत्येक केंद्रकाला जणू स्वतःचा साठा मिळतो. व्हाय३ बिघडवलं की एमआरएनए विखुरतात आणि केंद्रकं जास्त एकतालात विभागायला लागतात.

फायदा काय असावा? सगळी केंद्रकं एकदम विभागली, तर पेशीला लागणारा माल एकदम दुप्पट हवा असतो आणि मग बराच वेळ काहीच नको असतं. वेळा विखुरल्या की मागणी सपाट होते. हे तर्काला धरून आहे. नॉइज याचसाठी जपला गेला असं मात्र त्यावरून सिद्ध होत नाही, आणि असे दावे वाचताना मी थोडा हात राखूनच वाचतो.

स्नायूतंतूत कितपत फरक असतो?

दोन प्रकारचे फरक असतात आणि ते वेगळे ठेवायला हवेत. काही केंद्रकांचं काम ठरलेलं असतं. चेतातंतू जिथे स्नायूला मिळतो तिथली केंद्रकं असिटिलकोलिन ग्राहकाची (चेतातंतूचा संदेश पकडणाऱ्या प्रथिनाची) जनुकं जोरात चालवतात, स्नायुबंधाच्या टोकाची केंद्रकं दुसरी जनुकं. हा नॉइज नव्हे, ही कामाची वाटणी. सगळी केंद्रकं एका ढिगात टाकून प्रमाण विचलन काढलं, तर मात्र हीच वाटणी नॉइज म्हणून मोजली जाईल.

उरलेल्या, सारख्याच दिसणाऱ्या केंद्रकांमध्येही प्रतिलेखन झोतांनी होतं आणि एकाच तंतूत एका क्षणी काही चालू, काही बंद असतात, हे १९९८ साली दाखवलं गेलं. बरीच प्रथिनं आपल्या केंद्रकाच्या आसपासच राहतात, हे त्याआधी १९८९ पासून माहीत होतं. तिथूनच प्रत्येक केंद्रकाची स्वतःची हद्द असते ही कल्पना रुजली.

याचा आजारांशी काही संबंध?

डिस्ट्रोफिनचं उदाहरण घ्या, म्हणजे स्नायूतंतूच्या पटलाला आधार देणाऱ्या, नसलं तर स्नायुक्षय होणाऱ्या प्रथिनाचं. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, लांबी २० लाख बेसजोड्यांहून जास्त, त्यामुळे एक एमआरएनए पूर्ण व्हायला कित्येक तास लागतात. वाहक स्त्रीच्या (जिच्या दोनपैकी एका एक्सवरचं हे जनुक बिघडलेलं असतं) प्रत्येक केंद्रकात दोनपैकी एकच एक्स चालू असतो, म्हणजे काही केंद्रकं डिस्ट्रोफिन बनवतात, काही नाही. ते प्रथिन सगळ्या तंतूभर पसरलं असतं, तर निम्म्या केंद्रकांनी काम भागलं असतं. ते पटलाला धरून आपल्या केंद्रकाच्या जवळपास राहतं, म्हणून एकाच तंतूत भरलेले आणि रिकामे पट्टे दिसू शकतात. केंद्रकांमध्ये फरक पडण्याचं हे कारण झोतांपेक्षा वेगळं आहे, पण परिणाम किती दूर पोचतो याचं गणित तेच. सुधारित जनुक मोजक्याच केंद्रकांत पोचवणाऱ्या उपचारांनाही ते चुकत नाही.

दोन केंद्रकं आणि दुप्पट डीएनएचं एक केंद्रक, यात फरक आहे?

जनुकाच्या प्रती सारख्याच, म्हणून झोतांची सरासरी ढोबळपणे सारखीच पडते. उंदराच्या यकृतात २०१५ साली झालेल्या अभ्यासात बहुगुणित (जनुकसंचाच्या दोनहून जास्त प्रती असलेल्या) पेशींमध्ये नॉइज कमी आढळला. फरक पडतो तो सहसंबंधात. एका केंद्रकातल्या चारही प्रतींना तेच वातावरण मिळतं, दोन केंद्रकांत विभागल्या तर वातावरणं दोन. एमआरएनए केंद्रकातून बाहेर पडायला वेळ लागतो, आणि त्या थांब्यामुळेही पेशीद्रवातला चढउतार सौम्य होऊ शकतो.

प्रयोग आखताना सगळ्यात जास्त कुठे फसायला होतं?

नमुन्यांच्या मोजणीत. १० पेशींमधली १,००० केंद्रकं म्हणजे १,००० स्वतंत्र नमुने नव्हेत. पेशी-पेशींमधल्या फरकाबद्दल बोलायचं असेल, तर तुमच्याकडे नमुने दहाच आहेत. निष्कर्षाशेजारी पेशींची आणि केंद्रकांची संख्या वेगवेगळी लिहा.

एक साधी तपासणी जरूर करा. एकाच पेशीतल्या केंद्रकांच्या जोड्या लावा, त्यांच्यातला सहसंबंध अंतरानुसार मांडा. मग केंद्रकांच्या जागा तशाच ठेवून त्यांची मोजमापं त्याच पेशीत आपसात अदलाबदल करा आणि आलेख पुन्हा काढा. जवळच्या जोड्यांचा सहसंबंध अदलाबदलीनंतर घसरला, तर शेजारीपणाचा परिणाम आहे. घसरला नाही आणि तरी शून्याहून बराच वर राहिला, तर सगळ्या पेशीला एकत्र हलवणारं काहीतरी आहे. हा आलेख काढताना सर्व पेशींची मिळून एकच सरासरी वापरा, कारण प्रत्येक पेशीची तिची स्वतःची सरासरी वजा केली, तर नेमका हाच सामाईक भाग नाहीसा होतो.